तिकडे गेल्यावर बोलू

१३ मे, सोमवार. अब्बासिया, कुवेत

नाईट संपवून हॉस्पिटलच्या बसमध्ये बसले ती झोपलेच. लिसीने दंड धरून हलवलं. "दीदी, उतरो. अब्बासिया आया है, तुम्हारा ऑस्ट्रिया नहीं." बसमधल्या सगळ्या हसल्या. लिसी माझ्या खोलीतली, कोट्टयमची. जोड्या लावण्यात आणि जोड्या चिडवण्यात एक नंबर. नवऱ्याला भेटायला चाललेय हे कळल्यापासून तिने हॉस्पिटलभर केलंय.

पाय सुजलेत. डायलिसिसच्या वॉर्डात रात्री बसून काम, असं लोकांना वाटतं. बसतात ते पेशंट.

निघताना मॅट्रनने गाठलं. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. "सिस्टर वैशाली, राहणार की जाणार? मला बुक्रा-बुक्रा नको." बुक्रा म्हणजे उद्या, इथे तो कधी उजाडत नाही. सुट्टीवरून आले की सांगते म्हटलं. तर म्हणाली, आल्यानंतरच्या रविवारी सकाळी, नाहीतर जागा दुसरीला.

पडदे लावून झोपायचा प्रयत्न. बाहेर धूळ. खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबलाय तरी दातांत कचकच.

१४ मे, मंगळवार

सतीशचा फोन, नेहमीच्या वेळी. इथे संध्याकाळचे सात, चिपळूणला अडीच तास पुढे.

"जेवलीस का?"
"हो. तुम्ही?"
"हो."

सातला मी कधीच जेवलेली नसते. पण नाही म्हटलं की का, कधी, काय करणारेस, एवढं सगळं आलं. ते बोलायला त्राण कुणाला. म्हणून हो.

मग व्हिसाची प्रत दोन ठिकाणी ठेव, मोजे जास्तीचे घे. शेवटी: "बाकीचं तिकडे गेल्यावर बोलू."

बाकीचं म्हणजे मी घरी परत यायचं की नाही. आम्ही त्याला बाकीचंच म्हणतो.

आलेले तेव्हा दोन वर्षांसाठी आलेले. आमची मुक्ता सहा वर्षांची होती. आधी घर बांधायचं होतं. मग मुक्ताचं शिक्षण. मग सासूबाईंचं आजारपण. घर झालं. मुक्ता पुण्यात नोकरीला लागली. सासूबाई दिवाळीनंतर गेल्या. कारणं संपली. आता राहायचं तर मलाच राहायचंय असं म्हणावं लागेल, आणि जायचं तर



१५ मे, बुधवार

काल लिहितालिहिताच झोप लागली. आज उम्म सालेमला सुट्टीचं सांगितलं. सत्तरीची बाई, आठवड्यातून तीनदा मशीनवर. माझ्याशिवाय कुणालाही सुई टोचू देत नाही. कुठे चाललीस? ऑस्ट्रिया. तिला कळेना. लिसीने पलीकडच्या बेडवरून ओरडून सांगितलं, नमसा, नमसा! अरबीत ऑस्ट्रियाला नमसा म्हणतात, मलाही आजच कळलं. बाईचा चेहरा उजळला. पाय होते तेव्हा दर उन्हाळ्यात जायची म्हणे. हिरवं, हिरवं, असं हाताने दाखवलं. मग माझी बोटं धरली. "परत येशील ना?"

या प्रश्नाला मात्र मी लगेच हो म्हटलं. रोजच्यासारखंच.

ट्रिप मुक्ताची कल्पना. "बाबा कुवेतला येत नाहीत, तू चिपळूणला राहत नाहीस. तिसरीकडे भेटा. यू टू नीड टू टॉक, आई." साल्झबुर्ग सतीशने निवडलं. इतकी वर्षं आठवीला आल्प्स शिकवतोय, आणि डोंगर म्हणून बघितलाय तो परशुरामचा घाट.

बॅग भरली. दोनदा काढून पुन्हा भरली.

१७ मे, शुक्रवार. साल्झबुर्ग

व्हिएन्नाच्या विमानतळावर स. आधीच पोचलेला. खांबाला टेकून उभा, बॅग दोन पायांच्या मध्ये, एस.टी. स्टँडवर उभा राहावा तसा. मुक्ताने घेऊन दिलेलं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. आधी वाटलं बुटका झाला की काय. फोनवर नुसतं तोंड बघायची सवय.

वर्षाला महिनाभर घरी जाते मी, नाही असं नाही. पण तेव्हा घर भरलेलं. सासूबाई, मुक्ता, नणंदा, भेटायला येणारे. गेल्या खेपेला तर दिवसकार्यातच सुट्टी संपली. आम्ही दोघंच असे कधी होतो, आठवलं नाही.

"केस पांढरे झाले तुझे."
"या वेळी रंगवले नाहीत."
"बरे दिसतात."

मग दोघंही गाड्यांचा बोर्ड बघत बसलो.

गाडीत त्याने आंबापोळी काढली. समोरच्या बाईलाही दिली. तिने वास घेतला, डोळे मिटले, काहीतरी जर्मन बोलली. स. मराठीत म्हणाला, "घरच्या आंब्याची आहे." ती मान हलवत राहिली. त्या दोघांचं छान चाललं होतं. मी खिडकीला डोकं टेकून झोपले.

हॉटेलच्या खोलीत एक पलंग आणि त्यावर दोन दुलया. अर्ध्या-अर्ध्या, घडी घालून वेगवेगळ्या. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, इथे असंच असतं, नवरा-बायकोला प्रत्येकी एक. स. म्हणाला, "यांनी आपल्याला बघताक्षणी ओळखलं."

हसलो. मग आपापल्या दुलईत.

१८ मे, शनिवार

जाग आली तेव्हा शेजारी कोणी नाही. घड्याळ बघितलं, सवयीने अडीच तास मिळवले, म्हटलं आता बाजारात गेला असेल. न्हाणीघरातून दात घासल्याचा आवाज येत होता.

त्याला सांगितलं नाही.

पाऊस. सरळ दोऱ्यासारखा, आवाज न करता. जुन्या गल्लीतून चाललो. प्रत्येक दुकानावर लोखंडाची नक्षीदार पाटी लोंबतेय. बूट, किल्ली, द्राक्षांचा घड. वाचता न येणाऱ्यांना कळावं म्हणून, स. म्हणाला. तो वर्गावर असल्यासारखाच बोलतो. साल्झ म्हणजे मीठ, बुर्ग म्हणजे किल्ला, सगळं शहर मिठावर श्रीमंत झालं.

"नदीचं नाव काय सांगितलं मी?"
"साल्झाख, सर."
तो वळला. "मागच्या बाकावर बसून लक्ष होतं म्हणजे."

किल्ल्यावर रुळांवरच्या गाडीने गेलो. त्याला प्रत्येक तोफ बघायची होती, मला बाक. एका भिंतीशी बसले, बुटाची नाडी सैल केली. पाऊस जरा थांबला आणि ढगामागून एकदम डोंगर निघाले, टोकांना बर्फ. स. कठड्याशी उभा. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "नकाशात मी याला तपकिरी रंग देतो."

तेव्हा मला त्याच्याबद्दल काय वाटलं ते लिहायला नीट शब्द नाहीत. चांगलं वाटलं. उठून जवळ जावं असंही वाटलं. पाय दुखत होते.

जेवायला एका तळघरातल्या हॉटेलात. सूप बैलाच्या हाडांचं निघालं म्हणून परत पाठवलं, मग पालकाचे गोळे, लोण्यात लोळवलेले. तो म्हणाला, मुटकेच की. पोट भरून जेवलो. वेटरने ताटल्या उचलल्या. मी बाहेर बघत होते, तो बाहेर बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघून, अगदी सहज

"जेवलीस का?"

आणि मी म्हणाले, "हो. तुम्ही?"

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तो इतका हसला की ठसका लागला, मी पाणी दिलं. शेजारच्या टेबलावरची माणसंही हसायला लागली, काही न कळता. हसू संपल्यावर टेबलावर काहीच उरलं नाही. बिल आलं.

१९ मे, रविवार

सगळी दुकानं बंद. मला शुक्रवारची सुट्टी इतकी अंगात मुरलीय की रविवारी बंद बाजार बघून कुणी गेलं की काय असं वाटतं.

मिराबेलच्या बागेत फिरलो. फुलं कंपासने आखल्यासारखी. स.चं मत, बाग सुंदर आहे पण एकही झाड मनासारखं वाढू दिलेलं नाही.

बागेजवळच्या कॅफेत शेजारी एक कुवेती कुटुंब. आजी केकच्या तुकड्याकडे संशयाने बघत होती. सुनेला इंग्रजी यायचं, पण ती पोराच्या मागे पळत होती. शेवटी मीच अरबीत विचारलं, खाला, म्हणजे मावशी, काय झालं? यात दारू आहे का, एवढंच तिला हवं होतं. वेटरला विचारून सांगितलं, नाही, बिनधास्त खा. ती मला सोडेना. कुठे राहतेस, काय करतेस? ते कुवेतमधल्याच सबाह अल-सालेम भागातले. तिच्या बहिणीलाही मशीन लागलंय. कुठल्या हॉस्पिटलात पार्किंग नाही, कुठल्या डॉक्टरचं अक्षर कोंबडीचं, सगळं निघालं. तिने डॉक्टरची नक्कल केली, मी टेबलावर हात आपटून हसले.

मग तिने स.कडे हनुवटी केली. "हा तुझा नवरा? गप्प का?"

त्याला सांगितलं, "विचारतेय, तुम्ही असे गप्प का."
"सांग, भाषा येत नाही म्हणावं."

बाहेर आल्यावर पुलाकडे चालत गेलो. पुलाच्या जाळीला हजारो कुलपं, प्रेमी लोकांनी लावलेली, चाव्या नदीत. आधी म्हणाला, "एकाने तरी चावी खिशात ठेवली असेल बघ." मग थोडं चालून:

"तू त्या बाईशी बोललीस तशी माझ्याशी फोनवर कधी..."

वाक्य तिथेच. मीही पुरं केलं नाही.

खरं आहे ते. अरबीत मी मोठ्याने हसते. मला माहीत नव्हतं.

त्याने हे बोलताना तक्रार केली नाही. नवीन गाव बघितल्यासारखं बघत होता माझ्याकडे. त्याचाच जास्त त्रास झाला.

२० मे, सोमवार

आज त्याचा दिवस. बसने हालाइनला, मिठाच्या खाणीत. अंगावर पांढरे झगे घालायला दिले. स. म्हणाला, "तू रोजच्यासारखी दिसतेस. मी कंपाउंडर."

डोंगराच्या पोटात लाकडी गाडीवरून. आत गार, ओलं. मधे एका ठिकाणी सीमा. वर ऑस्ट्रिया, खाली चालता चालता जर्मनी. फक्त एक पाटी. ना काउंटर, ना शिक्का, ना राहायच्या परवान्याचा इकामा दाखवा. मी सवयीने पर्सवर हात ठेवला होता. स. रेघेच्या अलीकडे एक पाय, पलीकडे एक पाय ठेवून उभा राहिला. "फोटो काढ. मुक्ताला पाठव."

मग घसरगुंडी. जुन्या काळी कामगार असेच उतरायचे. लाकडी, गुळगुळीत, अंधारात खाली जाणारी. एकामागे एक, पाय फाकवून बसायचं आणि पुढच्याला धरायचं. मी स.च्या मागे. त्याच्या पोटाभोवती हात घालावे लागले. पोट सुटलंय. झग्यातूनही ऊब लागत होती. खाली जाताना तो "अगं अगं अगं" करत होता, आणि मी त्याच्या पाठीवर गाल दाबून डोळे मिटले होते. खाली आपोआप फोटो निघतो. त्यात त्याचं तोंड घाबरून उघडं पडलेलं, आणि मागे मी जवळजवळ दिसतच नाही. फक्त हात दिसतात.

घसरगुंडी संपल्यावर हात लगेच काढले. का काढले?

परत आल्यावर नदीकाठच्या बाकावर. इथे उजेड जाता जात नाही. त्याने भिजलेले बूट काढून मोजे पिळले, आणि मोज्यांकडे बघतच बोलला.

"ये आता घरी."
"येऊन काय करू?"
"काय म्हणजे? घर आहे. आपल्याकडेही डायलिसिसचं सेंटर निघालंय, काम करायचं असलं तर..."
"कामाचं नाही विचारत. दिवसभर आपण दोघं काय करू?"

एक बोट गेली. त्यातल्या लोकांनी हात हलवला, आम्हीही हलवला.

"मलाही त्याचीच भीती वाटते," तो म्हणाला. "एकट्याचा कुकर लावायची सवय झालीय. एक वाटी तांदूळ. तुझ्यासाठी किती घ्यायचे, मला माहीत नाही."
"मग कशाला बोलावता?"
"म्हणून नाही बोलवायचं का?"

रागावला नव्हता. खरंच विचारत होता.  तिकडे गेल्यावर बोलू म्हणून ठेवलेलं सगळं एवढंच निघालं.

मग म्हणाला, "रविवारी तुझ्या मॅट्रनला काय सांगायचं ते तू सांग. मी पुन्हा विचारणार नाही. आई असती तर म्हटलं असतं आईसाठी ये. आता कुणाच्या नावावर बोलावू?"

"स्वतःच्या नावावर बोलवा की."

"तेच केलं मघाशी," म्हणाला, आणि ओले मोजे पुन्हा घातले.

२१ मे, मंगळवार. व्हिएन्ना, विमानतळ

त्याचं विमान आधी. उरलेली आंबापोळी माझ्या पर्समध्ये कोंबली. रांगेत थोडा पुढे गेला, वळला, "जे" एवढंच म्हणाला आणि थांबला. हसला. हात वर केला.

दिसेनासा झाल्यावर बूट काढून बसले. सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग तशीच बसून राहिले. समोर एक म्हातारा-म्हातारी एकच सँडविच खात होते. आधी ती एक घास, मग तो. काही बोलत नव्हते. त्यांचं न बोलणं आणि आमचं न बोलणं वेगळं. त्यांना बघायलाही लागत नव्हतं एकमेकांकडे.

२३ मे, गुरुवार. अब्बासिया

विमानातून उतरल्यावर गरम हवेचा फटका. आणि लगेच, मनात: आले घरी. हे आपोआप आलं.

लिसी दारातच. "दीदी, हनीमून कैसा था?" म्हटलं, पाँव दुख रहे हैं. ती किंचाळली, "हाय!" दिवसभर तेच सांगत फिरली.

उम्म सालेमने दंड दाखवला. दुसऱ्या सिस्टरने टोचलेला, जांभळा झालेला. "बघ, तू गेलीस की असं होतं." मी सावकाश टोचलं. ती नेहमीसारखी माझ्याकडे बघत राहिली, सुईकडे नाही. नमसा कसं होतं? हिरवं, म्हटलं. अजूनही हिरवं. तिला बरं वाटलं.

इथे माझी वाट बघणारी माणसं आहेत, हे तर दिसतंच. त्यांना मी किती लागते हेही ठाऊक आहे. आठवड्यातून तीनदा.

मॅट्रन लांबून म्हणाली, "संडे."

काल आणि आज स.चा फोन नाही. पोचलो, एवढा मेसेज.

२४ मे, शुक्रवार

सुट्टी. लिसी चर्चला, इथे तेही शुक्रवारी. स्वयंपाकघर माझं एकटीचं.

तांदूळ काढायला गेले. मीही एक वाटीच घेते. इतकी वर्षं. वाटी डब्यातच असते, कडेने घासून गुळगुळीत झालीय. थोडा वेळ ती हातात धरून उभी. मग आमटी टाकली, भात लावला, झोपले.

सातला फोन.

"जेवलीस का?"

"नाही," मी म्हणाले.

 मला वाटलं फोन कटला. इतकी वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं, त्यामुळे पुढचं वाक्य आमच्याकडे नव्हतंच.

"का गं?"
"सातला कधीच जेवत नाही मी. नऊ-दहा होतात."
"मग रोज हो म्हणतेस ते?"
"तुम्ही जेवलेले असता का?"

त्याला लबाडी जमत नाही. फोनवर इतकी वर्षं कशी जमली?

"नाही," म्हणाला. "तुझा फोन झाला की पान घेतो. आधी जेवलं तर मग नंतरचा वेळ जात नाही."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग आता?"
"आता काय. भात झालाय."
"माझाही झालाय. फोन समोर टेकवून ठेवा. घ्या पान."

मिठाच्या डब्याला फोन टेकवला. त्याने तिकडे कशाला टेकवला माहीत नाही, पंखा आणि अर्धं कपाळ दिसत होतं. जेवलो. दोन्हीकडे आमटी-भात. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला.

"मीठ विसरलो."
"मिठाच्या गावाला जाऊन आलात ना?"
"तरी विसरलो."

उठून आणलं त्याने. मी थांबले. थांबायला हवं होतं असं नाही, थांबले.  वाटीचा आवाज, चमच्याचा आवाज, त्याच्याकडे कुत्रं भुंकत होतं, माझ्याकडे एसी.

रविवारचं त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. परवा सकाळी मॅट्रन समोर उभी राहील. तोंडातून काय निघेल ते मला आत्ता, इथे लिहितानाही माहीत नाही.

ताट घेऊन मोरीशी गेले, नळ सोडला. बंद केला तरी पाण्याचा आवाज येतच होता. फोन चालूच होता. तो त्याचं ताट घासत होता.